सहा नंबरचा हार

मी ज्या खोलीत नोकरीची बरीच वर्षं काढली, तिथं काही घडत नसे. काही घडू नये, आणि घडलंच तर नेमकं कधी घडलं ते कळावं, एवढंच त्या खोलीचं काम होतं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका तपासणी प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला ती होती. बाहेर वैशाखातलं ऊन असो की डिसेंबरातला गारठा, आतलं तापमान तेच. भिंतीला लागून लोखंडी चौकटी, प्रत्येक चौकटीत एक धागा, धाग्यावर वजन. धागे लटकत असत आणि आम्ही त्यांच्याकडे बघत असू. माझी पत्नी वसुधा शाळेत मराठी शिकवायची. तिथं कुणी नवऱ्याच्या कामाविषयी विचारलं तर ती सांगायची, "ते दोर टांगतात आणि तुटायची वाट बघतात." याहून नेमकी व्याख्या मला आजही करता येत नाही.

वसुधाला जाऊन आता वर्ष होत आलं. संपादकांनी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. माझं लिहिलेलं पहिल्यांदा ती वाचायची आणि पेन्सिलीनं निम्मं खोडायची. पुढं काय ठेवायचं ते उरलेल्या निम्म्यावरून मला कळायचं. आता ते काम मलाच करावं लागतं, त्यामुळे वेळ लागला.

धंदा काय ते आधी सांगतो. आमच्याकडे एकदा शहागंजातले युनूसभाई आले होते. पलंगाच्या नवारीचा त्यांचा व्यवसाय. सुती नवार मागे पडून नायलॉनची आली तेव्हापासून गिऱ्हाइकांची एकच तक्रार होती, की पलंग सहा महिन्यांत झोळीसारखा होतो. युनूसभाईंनी नवारीचं भेंडोळं माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "साब, आदमी वहीच है, वजन बी वहीच है, फिर पलंग नीचे कायकू जाता?"

आमच्या शास्त्राचा मूळ प्रश्न इतक्या सरळ शब्दांत मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. शंभर किलोला तुटणारा धागा घेतला आणि त्यावर पन्नासच किलो टांगले, तर तो तुटत नाही. उद्याही तुटत नाही. पण तो स्वस्थही बसत नाही. डोळ्याला दिसणार नाही इतका हळू तो लांबत राहतो. आत लांबलचक रेणूंचा गुंता असतो, ते एकमेकांवरून कणाकणानं सरकत राहतात. वजन वाढलेलं नसतं, कुणी धक्का दिलेला नसतो, आणि एक दिवस तो पन्नास किलोलाच तुटतो. आम्ही याला क्रीप म्हणतो. मराठीत त्याला एक भारदस्त पारिभाषिक शब्द आहे, पण मी तो कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही.

मग हा दिवस कुठला, ते आधी कसं सांगायचं? वाट बघून सांगता येतं, पण दहा वर्षांचं आयुष्य मोजायला दहा वर्षं लागतात. म्हणून वाट लहान करायची. धागा तापवला की आतलं सरकणं वाढतं. जे घडायला साध्या हवेत वर्ष लागतं ते भट्टीत काही दिवसांत घडतं. थोडं तापवून एक तुकडा, आणखी तापवून दुसरा, असे वेगवेगळ्या तापमानांचे आलेख काढायचे आणि ते कागदावर सरकवत एकमेकांना जोडायचे. एक लांब रेघ तयार होते आणि तिचं टोक पुढच्या कित्येक वर्षांत जाऊन पोचतं. आम्ही त्या टोकाशी उभं राहून मागं वळून बघितल्यासारखे अहवाल लिहायचो.

यात एक गोम आहे. आढी घातली की आंबा लवकर पिकतो, हे खरं. ऊब आणखी वाढवली तर आणखी लवकर पिकेल. पण एका मर्यादेपलीकडे तो पिकत नाही, शिजतो. दिसायला मऊच असतो, पण तो झाडावर पिकणारा आंबा राहिलेला नसतो. धाग्याचंही तसंच आहे. फार तापवला तर त्याची आतली रचनाच बदलते, कधी कधी तर तो आणखी दणकट होतो. मग आपण एका धाग्याला तपासायला घेतो आणि दुसऱ्याच धाग्याचं आयुष्य मोजून बसतो. ही उपमा माझी नाही, घरची आहे.

म्हणून शहाण्या प्रयोगशाळेत भट्टीच्या जोडीला एखादा धागा अजिबात न तापवता, थोडं जास्त वजन लावून टांगून ठेवतात. तो सावकाश चालतो. भट्टीच्या रेघेनुसार तो अमुक काळ टिकायला हवा असं आधीच ठरलेलं असतं, आणि तो खरंच टिकला तर रेघेवर विश्वास ठेवायचा. गिऱ्हाइकांना या धाग्याचा फार राग यायचा. पुण्याहून रस्त्याच्या कामाचे एक इंजिनिअर यायचे, त्यांना मातीच्या भरावात घालायच्या जाळीसाठी शंभर वर्षांचा दाखला आठवड्यात हवा होता. मी म्हणालो, आठवड्यात अंदाज मिळेल. त्यांनी विचारलं, "अंदाज आणि दाखला यात फरक काय?" मी फरक सांगितला. ते दुसरीकडे गेले.

सर्जेराव मात्र दुसरीकडे गेला नाही. तो पाचोडच्या बाजूचा. घरचे सगळे मोसंबीचे बागायतदार, हा डिप्लोमा करून शहरात आला, काही वर्षं एका कारखान्यात काढली आणि मग वाळूजलाच एक शेड घेऊन दोर बनवायला लागला. बोअरमध्ये पाण्यातली मोटर सोडतात, तिला धरून ठेवणारा दोर. बाजारात त्याला नायलॉनचा दोर म्हणतात. तो नायलॉनचा नसतो, पण आपल्याकडे प्लास्टिकच्या कुठल्याही दोराला नायलॉनच म्हणायची रीत आहे. मोटर, तिच्यावरचा पाइप आणि पाइपातलं पाणी एवढं ओझं हा दोर जमिनीखाली, अंधारात, रात्रंदिवस धरून असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो तुटला तर मोटर तळाशी जाते, पुष्कळदा बोअरच बाद होतं, आणि हे जर उन्हाळ्यात झालं तर वर्षानुवर्षं जोपासलेली मोसंबी महिन्याभरात वाळते.

सर्जेरावनं स्वतःच्या मिश्रणाचा नवा दोर केला होता. तो हलका होता, हाताला चांगला होता. त्यावर दहा वर्षांचं आयुष्य छापायचं त्याच्या मनात होतं. त्याचं पहिलं गिऱ्हाईक त्याचा सख्खा मामा होता, आणि मामा घेईल तर भावकी घेईल, भावकी घेईल तर पाचोडचा बाजार घेईल, असा त्याचा हिशेब. मला तो म्हणाला होता, "साहेब, दोर परक्याच्या बोअरमधी तुटला तर तो शिव्या देऊन गप बसंल. मामाचा तुटला तर मला आजोळ राहत नाय."

भट्टीचे निकाल चांगले आले. रेघ दहा वर्षांच्या पुढं जात होती. त्याच्या दोराची एक लड मी न तापवता सहा नंबरच्या चौकटीत टांगलेली होती. रेघेनुसार ती दोनेक वर्षं टिकायला हवी होती आणि त्यातला पुष्कळ काळ तिनं शांतपणे काढलाही होता. आमचे विभागप्रमुख म्हणत होते, अहवाल देऊन टाका. मी म्हणत होतो, थोडं थांबू. अशात दसरा आला.

आमच्याकडे खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रांची पूजा होते. यंत्रं पुसून लख्ख करतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत येऊ देतात, एरवी बंद असणारी दारंही उघडी असतात. वसुधा दरवर्षी यायची. त्या वर्षी मी पाहुण्यांना पुढच्या विभागात यंत्रं दाखवत होतो. ती एकटीच मागच्या खोलीत गेली. सहा नंबरबद्दल तिनं घरी बरंच ऐकलेलं होतं, जेवतानाही मी त्याबद्दल बोलायचो. तिनं घरून हार करून आणला होता, मध्ये मध्ये आंब्याची पानं ओवलेला. तो तिनं सहा नंबरला घातला.

आता ही चौकट कशी असते ते सांगायला हवं. वर तराजूसारखी एक आडवी दांडी असते. तिच्या आखूड बाजूला धागा आणि लांब बाजूच्या टोकाला वजनाची थाळी. थाळीत एक किलो ठेवला की धाग्यावर दहा किलोंचा ताण येतो. त्या लांब टोकाला एक हूक आहे, तो मोकळा होता. वसुधानं हार हुकात अडकवला. खाली पितळी थाळी होती, वजनांवर जागा होती, तिथं तिनं नारळ ठेवला. पूजेचं तबक असावं तशी ती थाळी दिसते, हे मला तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं. तिनं हात जोडले आणि बाहेर आली. मला म्हणाली, तुमच्या सहा नंबरची पूजा झाली. मी बरं म्हणालो. हार कुठं घातला हे विचारायचं मला सुचलं नाही.

नवमीनंतर दसऱ्याची सुट्टी, लागून रविवार. सोमवारी मी खोली उघडली तर हार वाळून आकसलेला, नारळ थाळीत स्वस्थ बसलेला, आणि लांबी दाखवणारा काटा मी बघितलेल्या जागेपासून बराच पुढं गेलेला. किलोभर ओझं थाळीवर, म्हणजे धाग्यावर दहा किलो, तेही दोन-तीन दिवस. मी हार काढला, नारळ काढला. काटा थांबायला हवा होता, निदान मंद तरी व्हायला हवा होता. तो चालत राहिला.

संध्याकाळी घरी सांगितलं. वसुधानं विचारलं, "अहो, इतक्या महिन्यांचं काम गेलं ना माझ्यामुळे?" मी म्हणालो, अजून माहीत नाही. हे मी तिची समजूत घालायला म्हणालो नव्हतो, मला खरंच माहीत नव्हतं.

दिवाळीच्या आधी सहा नंबरची लड तुटली. आमच्या खोलीत धागा तुटण्याचा आवाज अगदी लहान असतो. त्यानंतर वजनं खालच्या वाळूच्या पेटीत पडतात, तो आवाज मोठा असतो.

विभागप्रमुखांचं म्हणणं सरळ होतं. चाचणीत ढवळाढवळ झाली, चाचणी बाद. भट्टीचे निकाल आहेत, त्यांवर दहा वर्षांचा अहवाल द्या. मला ते पटत नव्हतं. भट्टीच्या रेघेवरून मी गणित करून बघितलं होतं. दोन-तीन दिवसांच्या तेवढ्या जादा ओझ्यानं त्या लडीच्या आयुष्याचा अगदी छोटा तुकडा खर्च व्हायला हवा होता. इथं तर सगळंच संपलं. मग एक तर लड हाराच्या आधीच मरायला टेकली होती, म्हणजे भट्टीची रेघ चुकीची. किंवा जादा ओझ्यानं तिचं आयुष्य रेघ सांगते त्याहून फार वेगानं खाल्लं, म्हणजेही रेघ चुकीची. तिसरी शक्यता एवढीच, की ती लड मुळातच सदोष होती. ती तपासायची तर नव्या लडी घेऊन सगळं पुन्हा घडवायला हवं होतं, या खेपेला मुद्दाम. भट्टीऐवजी वजनाच्या पायऱ्या करायच्या, आणि त्यांतली एक पायरी हाराएवढी.

पण हार केवढा होता? मी काढला तेव्हा तो वाळलेला होता, आणि नारळ तर फोडून वाटलाही गेला होता. झेंडूत पाणी फार असतं. ओला असताना त्याचं वजन किती होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

वसुधा म्हणाली, "पुन्हा करू."

तिनं गुलमंडीवरच्या त्याच फुलवालीकडून फुलं घेतली, शाळेला अर्धा दिवस रजा टाकली आणि प्रयोगशाळेत आली. माझ्या टेबलाशी बसून तिनं हार ओवायला घेतला. हात कसा चालला होता ते तिला आठवत होतं, तसाच चालवायचा तिचा प्रयत्न होता. एकदा पानं जास्त झाली म्हणून तिनं अर्धा हार उसवला. नारळ तिनं पिशवीतून दोन-तीन आणले होते, एकेक हातात तोलून बघत होती. एवढ्यात सर्जेराव आला. निकालाची चौकशी करायला तो दर आठवड्याला यायचा. काय झालंय ते मी त्याला आधीच सांगितलं होतं, पण प्रयोगशाळेत हार ओवणारी बाई बघायची त्याची तयारी नसावी.

"साहेब, आज कसली पूजा?"

"तुमच्या दोराची," मी म्हणालो.

तो वसुधाकडे वळला. "वहिनी, हार जरा हलका करा. माझा दोर गरीब हाय."

"जसा होता तसाच होणार," वसुधा म्हणाली. "गरिबाला सवलत नाही."

तो हसला, पण गेला नाही. वजनकाट्यावर हार आणि नारळ ठेवला तेव्हा तो माझ्या खांद्यावरून आकडा बघत होता. त्याच्या आजोळचा प्रश्न त्या आकड्याशी बांधलेला होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पुढच्या चाचण्यांना हिवाळा गेला. हाराएवढी पोलादी वजनं करून घेतली. नव्या लडी एकेक करून तशाच वागल्या, पहिली लड सदोष नव्हती. मग मी भट्टीकडे परत गेलो आणि सौम्य आचेवर, वेळ लागेल तेवढा लागू देऊन आलेख काढले. ते वजनाच्या पायऱ्यांशी जुळले. सगळ्यांत जास्त तापवलेला तुकडा तेवढा कशाशीच जुळत नव्हता, आणि रेघेचं दहा वर्षांपलीकडचं टोक नेमकं त्या तुकड्यावर उभं होतं. आंबा शिजला होता. सुरक्षिततेसाठी राखून ठेवायचा भाग वजा करून दोराला सात वर्षं देता येत होती.

अहवालाची भाषा ठरलेली असते. 'चाचणीदरम्यान नमुन्यावर एक बाह्य भार आला, त्या अनुषंगाने पुढील चाचण्या घेण्यात आल्या', असं मी लिहिलं. मसुदा घरी आणला होता. वसुधानं तो वाचला आणि त्या ओळीपाशी थांबली. "बाह्य भार म्हणजे मी का?" त्यानंतर ती प्रयोगशाळेत फोन करायची तेव्हा, मी उचलला की म्हणायची, "बाह्य भार बोलतेय. येताना दही आणा." पुष्कळ वर्षं हे चाललं. अहवालात तिचं नाव यावं असं मला तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं, पण अहवालांत नावं नसतात.

सर्जेरावनं अहवाल उभ्यानं वाचला. मग तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मी चहा सांगितला. त्यानं अहवाल मांडीवर पालथा ठेवला होता.

"साहेब, सात लिवलं तर बाजारात कुणी घेणार नाय. बाकीचे लोक लाइफटाइम लिवतात. माझ्या दोरावर मरायचं साल?"

मी म्हणालो, कायद्यानं तुम्हाला काहीच छापायची सक्ती नाही. अहवाल तुमचा आहे, कपाटात ठेवलात तरी चालेल.

"ते व्हय." त्यानं चहा संपवला. "पण मामा विचारंल, किती वर्षाचा हाय म्हणून. त्याच्या तोंडावर दहा कसं सांगू?"

त्यानं दोराच्या टोकाला लाल पट्टी लावायला सुरुवात केली. पट्टीवर दोर सोडल्याचं साल लिहायला जागा आणि खाली छापलेलं, 'सात वर्षांनी बदला'. पाचोडच्या आठवडी बाजारात एका दुकानदारानं ती पट्टी बघून त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "आरं, दोर इकतो का इमा?" हे सर्जेरावनंच मला येऊन सांगितलं. धंदा त्याचा चालला, फार मोठा झाला नाही. मामानं दोर घेतला. सात वर्षांची मुदत तो विसरून गेला, जसं सगळेच विसरतात. सातवं साल सरलं तेव्हा सर्जेराव स्वतः क्रेन घेऊन मामाच्या मळ्यात गेला. मामा म्हणाला, दोर चांगला आहे, कशाला काढतोस. भाच्यानं भांडून काढला. इथपर्यंत मला माहीत होतं. तोवर मी निवृत्त झालो होतो.

वसुधाच्या आजाराविषयी मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की डॉक्टरांनी आम्हाला किती महिने ते सांगितलं तेव्हा मी सवयीनं विचारलं, हा अंदाज कशावरून काढला? त्यांना राग आला नाही, ते नीट समजावून सांगायला लागले. वसुधानं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, त्यांचं काम त्यांना करू द्या." अंदाज बरोबर आला.

तेरावा झाल्यावर सर्जेराव उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी भेटायला आला. पाणी घेतलं. भेटायला आलेल्या माणसाला विषय काढायचा असतो आणि सापडत नसतो. मी विचारलं, मामा कसे आहेत?

"मामानं तुमच्यासारखं केलं," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. दोर काढल्याचा मामाला फार राग आला होता. चांगला दोर फुकट घालवला, हे तो गावभर सांगत फिरला. आणि भाचा खोटा पडावा म्हणून त्यानं तोच काढलेला दोर वाड्यासमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला बांधला, आणि त्याला जळालेली जुनी मोटर टांगली. वर पाइपातल्या पाण्याच्या वजनाचे दगड पोत्यात भरून. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचा, हे बघा, माझा भाचा म्हणत होता तुटंल. लोक जाता-येता बघायचे. दोनेक वर्षं ती मोटर लिंबाला लटकत होती. पोरांना तिच्याखाली खेळू द्यायचं नाही, एवढी खबरदारी मामीनं घेतली होती.

"या वैशाखात पडली," सर्जेराव म्हणाला. "भर दुपारी. खाली कुणी नव्हतं. मामा ओट्यावर बसला होता, त्याच्या म्होरंच पडली. त्या टायमाला बोअरचं पाणी तळाला गेलं होतं, साहेब. बोअरमधी असती तर बाग गेली असती."

मी ऐकत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या तोंडून निघालं, "लिंबाखाली असला तरी दोर उघड्यावर होता. दोन वर्षं ऊन लागलं त्याला. ऊन या धाग्याला खातं. बोअरमधल्या अंधारात तो आणखी टिकला असता कदाचित. यावरून काही सिद्ध होत नाही."

सर्जेराव म्हणाला, "साहेब, एवढं मामाला नका सांगू."

वसुधा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. त्यालाही धीर आला. तो म्हणाला, मामा आता गावात सगळ्यांच्या बोअरवरच्या लाल पट्ट्या वाचत फिरतो, आणि ज्याचं साल भरलंय त्याच्या दारात जाऊन बसतो. मग तो भिंतीवरच्या फोटोकडे वळला, हार घातलेल्या, आणि म्हणाला, "वहिनींना सांगायचं राहिलं."

त्या वर्षी घरात सण नव्हता. खंडेनवमीला प्रयोगशाळेतून फोन आला, सर, या. मी पूजेला बसणार नाही, नुसता येऊन जाईन, असं सांगून गेलो. मागच्या खोलीत आता माझ्या वेळचं कुणी नाही. चौकटी त्याच आहेत, काटे गेले आणि तिथं आकडे दाखवणारे पडदे आले. एक तरुण इंजिनिअर मुलगी तिथलं बघते. ती ताटलीत झेंडूचे हार घेऊन उभी होती. मी एक हार उचलला. मी सहा नंबरकडे वळतो आहे हे बघून ती चटकन पुढं झाली.

"सर, यंत्राला नाही. हार खिळ्याला लावायचा."

प्रत्येक चौकटीच्या शेजारी भिंतीत एकेक खिळा आहे. मी ते विसरलो नव्हतो. सहा नंबरची लड तुटली त्याच आठवड्यात ते मीच ठोकून घेतले होते. पण ते खिळे अजून कुणी हारासाठी वापरत असेल, असं मला वाटलं नव्हतं.

"का?" मी विचारलं.

"ते माहीत नाही सर. इथली पद्धतच आहे. मी आले तेव्हापासून. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात, दांडीला हात नाही आणि हार खिळ्याला." मग तिला वाटलं असावं, की मला ठाऊक असेल. "कुणी पाडली ही पद्धत सर?"

मी सहा नंबरच्या खिळ्याला हार अडकवला. आंब्याची पानं थोडी कमी होती.

"आमच्या घरची आहे," मी म्हणालो.